पांखरांची गणती व खरी साक्ष

हिवाळ्यांत आपल्या देशांतील तळ्यांच्या कांठीं एक काम चालतें, त्याकडे आमच्या वाचकांपैकीं थोड्यांचेंच लक्ष गेलें असेल. जानेवारी महिन्याच्या मध्यास, दिवस उजाडण्यापूर्वीं, दोनतीन माणसें धरणाच्या भिंतीवर किंवा गांवतळ्याच्या बांधावर येऊन उभीं राहतात. कोणी शाळामास्तर असतो, कोणी कारकून, कोणी कॉलेजांत शिकणारी मुलगी. त्यांजपाशीं एक दुर्बीण, एक वही आणि भाकरीची पुरचुंडी एवढेंच सामान असतें. दोनतीन तास तीं पाण्यावरील पांखरें मोजतात, जातवार आंकडे लिहितात आणि निघून जातात. ह्याबद्दल त्यांस कोणी कवडी देत नाहीं. गांवकरी प्रथम त्यांस सरकारी मोजणीदार समजतात, आणि एकाद्या म्हाताऱ्यास शंका येते कीं, आतां पांखरांवरही पट्टी बसणार. आम्ही नुसतीं पांखरें मोजावयास आलों आहों, असें उत्तर मिळालें म्हणजे लोक हंसतात. त्या हंसण्यांत एक प्रश्न असतो, तो असा कीं, ह्यांत कोणाचें काय हित?

हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं असें आम्हांस वाटतें. त्याच्या पाठोपाठ आणखी दोन प्रश्न येतात, व ते पहिल्याहून कठीण आहेत. ज्याला कांहींच दिसलें नाहीं त्यानें काय लिहावें? आणि आंकडा थोडा वाढवून लिहिल्यानें पांखरांचेंच रक्षण होत असेल, तर तसें लिहिणें पाप कसें? ह्या तिन्ही प्रश्नांचा आज विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम कामाची माहिती दिली पाहिजे. पाणपक्ष्यांची ही हिवाळी गणती भारतीय उपखंडांत १९८७ सालीं सुरू झाली व पुढें आशियांतील इतर देशांत पसरली. युरोपांत तशी गणती १९६७ पासून चालूच होती. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी व वेटलँड्स इंटरनॅशनल ह्या संस्था तिची व्यवस्था पाहतात, परंतु मोजणारे हात बहुतेक स्वयंसेवकांचेच असतात. निफाड तालुक्यांत गोदावरी व कादवा ह्यांच्या संगमावरील नांदूर मध्यमेश्वर, पैठणचा नाथसागर, भिगवणजवळचें उजनीचें पाणी, हीं आपल्या मुलखांतील अशा गणतीचीं नांवाजलेलीं ठिकाणें. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक हे दूर उत्तरेकडून येतात. पट्टकादंब तर हिमालय ओलांडून येतो.

थवा मोठा असला म्हणजे एकेक पांखरूं मोजणें साधत नाहीं. तेव्हां थव्याच्या एका कडेचीं दहा पांखरें मोजावयाचीं, त्यांनीं व्यापलेली जागा डोळ्यांत धरावयाची, आणि तशा किती जागा त्या थव्यांत बसतात हें पाहावयाचें. फार मोठ्या थव्यास दहांऐवजीं शंभरांचें माप धरतात. मध्येंच वरून एकादा शिकारी पक्षी फिरला कीं सारें तळें उडतें, आणि मोजणी पुन्हां पहिल्यापासून. वहींत ठिकाण, तारीख, सुरुवातीची व शेवटची वेळ, आणि मोजणारे किती, हें सर्व लिहावें लागतें. कारण चार माणसांनीं सहा तासांत पाहिलेलीं शंभर पांखरें आणि एकानें अर्ध्या तासांत पाहिलेलीं शंभर पांखरें ह्यांचा अर्थ एक नव्हे.

ह्या रीतीचा आरंभ कोठें झाला, हें सांगण्याजोगें आहे. अमेरिकेंत नाताळच्या दिवशीं पूर्वीं एक खेळ असे. गडी वांटून दोन तट करावे, बंदुका घेऊन रानांत शिरावें, आणि पिसें किंवा केंस असलेलें जें दिसेल तें मारावें. संध्याकाळीं ज्या तटाचा ढीग मोठा त्याची जीत. न्यूयॉर्क येथील अमेरिकन म्यूझियम ऑफ नॅचरल हिस्टरी ह्या संग्रहालयांतील फ्रँक चॅपमन ह्या पक्षीशास्त्रज्ञानें १९०० सालीं आपल्या ‘बर्ड-लोअर’ ह्या नियतकालिकांतून असें सुचविलें कीं, त्याच दिवशीं त्याच रानांत पांखरें मारण्याऐवजीं मोजावीं. त्या वर्षीं २५ डिसेंबर रोजीं २५ ठिकाणीं मिळून २७ माणसें निघालीं, व सुमारें ९० जातींचीं साडेअठरा हजार पांखरें त्यांनीं नोंदलीं. आज ती गणती दोन हजारांहून अधिक ठिकाणीं होते.

ते लोक एका दिवसांत साधु झाले असें आम्ही म्हणत नाहीं. थंडींत सोबत्यांसह बाहेर पडण्याची हौस, दुसऱ्या टोळीवर मात करण्याची ईर्षा, संध्याकाळीं एकत्र बसून आपापला पराक्रम सांगण्याचा आनंद, हें सर्व जसेंच्या तसें राहिलें. हातांतील वस्तु मात्र बदलली. पुष्कळ सुधारणा अशाच होतात. मनुष्याची हौसच मारून टाका म्हणणारे उपदेशक बहुधा रिकाम्या बांकांस उपदेश करितात.

आपल्या देशांतही ह्याच्या जोडीचें उदाहरण आहे. राजस्थानांत भरतपूरजवळ केवलादेव घना म्हणून एक पाणथळ जागा आहे. ती एके काळीं तेथील महाराजांची बदकें मारण्याची खासगी जागा होती. मोठमोठे पाहुणे हिवाळ्यांत तेथें शिकारीस येत, व कोणत्या दिवशीं किती पांखरें पडलीं हें दगडावर कोरून ठेवीत असत. ते दगड तेथें अजून उभे आहेत. त्यांतील सर्वांत मोठा आंकडा १२ नोव्हेंबर १९३८ चा आहे. त्या दिवशीं व्हाइसरॉय लॉर्ड लिन्लिथगो ह्यांच्या मंडळींनीं ४,२७३ पांखरें मारलीं. पुढें हीच जागा अभयारण्य झाली, १९८२ सालीं राष्ट्रीय उद्यान झाली, आणि जेथें पडलेलीं पांखरें मोजीत तेथें हिंडतीं फिरतीं पांखरें मोजूं लागले.

ह्या दोन मोजण्यांतील भेद वरवरचा नाहीं. मेलेलें पांखरूं स्वस्थ पडून राहतें. तें दोनदां मोजतां येतें, दगडावर कोरतां येतें, आणि आंकडा शेवटच्या पांखरापर्यंत बरोबर येतो. जिवंत थव्याची मोजणी कधींच तशी बरोबर येत नाहीं. कांहीं पांखरें लव्हाळ्यांत असतात, कांहीं पाण्याखालीं बुडी मारून बसतात, कांहीं मोजतां मोजतां दुसऱ्या तळ्यावर जातात. म्हणजे ज्याला पूर्ण बरोबर आंकडा पाहिजे त्यानें ती वस्तु संपविली पाहिजे. आणि ज्याला ती वस्तु राहावयास पाहिजे त्यानें आपल्या आंकड्यांत थोडी उणीव सोसली पाहिजे. आमच्या मतें ही उणीव सोसणें हाच ह्या कामांतील पहिला गुण होय. दावीद राजाच्या शिरगणतीची गोष्ट वाचकांस ठाऊक आहे. आपल्या हाताखालीं तरवार धरणारे किती, हें पाहण्याची त्याला इच्छा झाली, आणि ती त्याच्या अंगलट आली. तळ्याच्या कांठचा मोजणारा जें मोजतो तें त्याचें नसतें, मोजल्यानें त्याचें होत नाहीं, व दुपारीं तो घरीं गेल्यावर तें उडून सैबेरियास गेलें तरी त्याला हरकत घेतां येत नाहीं. मोजणें आणि मालकी ह्यांची अशी फारकत आपल्या व्यवहारांत दुसरीकडे क्वचितच आढळते. गुरें मोजतों तीं आपलीं, पोतीं मोजतों तीं आपलीं किंवा आपणांस देणें असलेलीं.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. अमेरिकेंतील त्या गणतीचे नियम कडक आहेत. सुमारें २४ किलोमीटर व्यासाचें एक वर्तुळ ठरलेलें असतें व दर वर्षीं तेंच वर्तुळ मोजावें लागतें. यंदा पलीकडच्या तळ्यावर पांखरें जास्त आहेत म्हणून वर्तुळ सरकवितां येत नाहीं. दिवस १४ डिसेंबर ते ५ जानेवारी ह्यांमधील एकच. त्या दिवसाच्या आधींच्या तीन व नंतरच्या तीन दिवसांत एकादी निराळी जात दिसली तर तिचें नांव वेगळें लिहितां येतें, पण ती त्या दिवसाच्या संख्येंत मिळवितां येत नाहीं.

समजा, एका मनुष्यानें काल संध्याकाळीं तळ्यावर करकोच्यांची जोडी आपल्या डोळ्यांनीं पाहिली. आज गणतीचा दिवस, आणि जोडी कोठें दिसत नाहीं. तो म्हणेल, करकोचे आहेत हें सत्यच आहे. मग मीं ‘२’ लिहिलें तर खोटें काय लिहिलें? आमचें उत्तर असें आहे कीं, करकोच्यांविषयीं त्यानें खोटें लिहिलें नाहीं, परंतु आजच्या दिवसाविषयीं व स्वतःविषयीं खोटें लिहिलें. साक्षीदारास जगांतील सर्व सत्य विचारलेलें नसतें. तूं, येथें, ह्या वेळीं, काय पाहिलेंस, एवढेंच विचारलेलें असतें. हा मर्यादितपणा पुष्कळांस क्षुल्लक वाटतो, पण सर्व साक्षीचें बळ त्यांतच आहे. ज्यानें कोणत्याही संस्थेचा वार्षिक अहवाल भरला आहे त्याला हा मोह परका नाहीं. हजेरीच्या रकान्यांत नेहमीं येणाऱ्या पण त्या दिवशीं न आलेल्या माणसांस धरून चालावें असें मन म्हणतें; त्यांत लबाडी आहे असेंही त्या क्षणीं वाटत नाहीं, उलट त्या माणसांवर विश्वास ठेविल्यासारखें वाटतें.

ह्याच कारणानें रिकाम्या रकान्यास किंमत आहे. आजकाल पांखरांच्या याद्या मोबाइल यंत्रावरून पाठवितात, व त्या पाठविणाऱ्यास एक प्रश्न विचारलेला असतो: तुम्हांस ओळखतां आलेलीं सर्व पांखरें ह्या यादींत आलीं आहेत काय? होय असें उत्तर दिलें म्हणजे जें यादींत नाहीं तें त्यास आढळलें नाहीं असें धरतां येतें. नुसतीं आवडलेलीं व दुर्मिळ पांखरें लिहिणाऱ्याच्या यादीवरून असें कांहींच धरतां येत नाहीं. ज्यानें तळ्यावर दोन तास घालविले आणि शेवटीं शून्य लिहिलें, तो रिकाम्या हातानें परत आला असें लोकांस वाटतें; पण जो गेलाच नाहीं त्याच्याजवळ शून्यही नसतें. ह्या दोघांत जमीनअस्मानाचें अंतर आहे.

भरतपुराच्याच एका पाहुण्यानें हें शिकविलें आहे. सैबेरियाचा पांढरा क्रौंच दर हिवाळ्यास ओब नदीच्या प्रदेशांतून अफगाणिस्तान व पाकिस्तानावरून तेथें येत असे, आणि उथळ पाण्यांतील कंद उकरून खात असे. १९६४–६५ च्या हिवाळ्यांत तेथें सुमारें २०० क्रौंच मोजले गेले. पुढें आंकडा उतरत गेला. वाटेंत त्यांची शिकार होई हें त्याचें एक मोठें कारण समजतात. मोजणारे दर वर्षीं जात, आणि दर वर्षीं थोडें लिहून परत येत. मध्यें दोन हिवाळे एकही आला नाहीं, मग पुन्हां थोडे आले. २००१–०२ च्या हिवाळ्यांत एक जोडी आली. त्यानंतर तेथें एकही आलेला नाहीं. पूर्वेकडे चीन देशांत पोयांग सरोवरावर त्या जातीचीं पांखरें अजून येतात, पण आपल्याकडची वाट बंद झाली. ह्यांत २०० हा आंकडा लिहिणें सोपें होतें. कोणीही आनंदानें लिहिला असता. शेवटच्या जोडीनंतरच्या हिवाळ्यांत उभें राहून, सबंध पाणथळ पाहून, त्या नांवापुढें शून्य लिहिणें ज्याच्या वांट्यास आलें असेल त्याचें काम अधिक जड होतें असें आम्हांस वाटतें.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक. १९७१ सालीं इराणांतील रामसर येथें पाणथळ जागांविषयीं राष्ट्रांचा एक करार झाला. त्याच्या कसोट्यांपैकीं एक अशी आहे कीं, जेथें नियमानें २०,००० किंवा अधिक पाणपक्षी येतात ती जागा जगाच्या दृष्टीनें महत्त्वाची समजावी. दुसरी अशी कीं, एकाद्या जातीच्या एकंदर संख्येपैकीं शेंकडा एक पांखरें जेथें नियमानें राहतात तीही तशीच समजावी. नांदूर मध्यमेश्वर त्या यादींत आहे. महाराष्ट्रांतून प्रथम तेंच गेलें. आतां कल्पना करा कीं, एका तळ्यावर १९,००० पांखरें मोजलीं गेलीं, आणि तें तळें बुजवून तेथें वसाहत करण्याची भाषा चालू आहे. आणखी हजार लिहिलीं तर तळें वांचण्याचा संभव. मोजणाऱ्यानें काय करावें? त्याच्या खिशांत त्यापासून एक पैसा यावयाचा नाहीं. हा मोह लोभाचा नसून दयेचा आहे, आणि दयेचा मोह ओळखणें लोभाच्या मोहापेक्षां फार कठीण असतें.

आम्ही म्हणतों, त्यानें १९,००० लिहावे. आणि आमचीं कारणें केवळ नियमाचीं नाहींत. आंकडा एकटा नसतो. तो मागच्या वर्षाच्या आंकड्यापुढें व पुढच्या वर्षाच्या आंकड्यामागें उभा राहतो. आज दयेनें हजार वाढविले तर पुढच्या वर्षीं जो प्रामाणिक मनुष्य १९,००० लिहील त्याच्या लिहिण्यावरून एका वर्षांत हजार पांखरें गेलीं असें दिसेल. तो खरें बोलूनही खोट्या बातमीचा धनी होईल. नाहींतर आपणही हजार वाढवील, आणि त्याच्यानंतरचाही. म्हणजे दयाळू खोट्याचें कर्ज खरें बोलणाऱ्या परक्या माणसास फेडावें लागतें, आणि त्याला तें कोणीं काढलें हें कळतही नाहीं.

दुसरें कारण ह्याहून खोल आहे. जो आंकडा वाढवितो त्याला पांखरांचें हित कशांत आहे हें आधींच कळलें आहे असा त्याचा समज असतो. भरतपुरानें ह्या समजास चांगलीच चपराक दिली आहे. तें उद्यान झालें त्याच वर्षीं, म्हणजे १९८२ सालीं, त्यांत म्हशी व गुरें चारण्यास बंदी झाली. आसपासच्या गांवांची पिढ्यानपिढ्यांची चराई एका हुकमानें गेली. लोक चिडले, पोलिसांनीं गोळी चालविली, व कांहीं गांवकरी प्राणांस मुकले. बंदी असावी असें म्हणणाऱ्यांत मोठे पक्षीशास्त्रज्ञ होते, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचेंही मत तसेंच होतें. त्याच सोसायटीचीं माणसें १९८० पासून दहा वर्षें तेथें पाहणी करीत होतीं. गुरें गेल्यावर पाण्यांतील गवत माजलें, उघडें पाणी आटोपलें, आणि पुष्कळ पाणपक्ष्यांस तें सोयीचें राहिलें नाहीं, असें त्यांस दिसून आलें. म्हशी घाण करीत नव्हत्या, त्या तळें साफ ठेवीत होत्या! आणि हें सोसायटीनें आपल्या अहवालांत लिहिलें. मेलेली माणसें त्यानें परत आलीं नाहींत. परंतु त्या दहा वर्षांत कोणीं बंदीच्या प्रेमानें आंकडे सांवरून घेतले असते, तर गरीब गुराख्याची बाजू मांडणारा एकही साक्षीदार राहिला नसता. स्वतःच्या मताविरुद्ध जाणारी संख्या वहींत तशीच राहूं देणें ही साक्षीची खरी कसोटी होय. दुसऱ्याच्या मताविरुद्ध जाणारी संख्या लिहावयास आपण नेहमींच तयार असतों.

येथें कोणी म्हणेल कीं, खरा आंकडाही गरिबांस बाधतो. तळ्यावर पांखरें फार आहेत असें ठरलें कीं मासेमारी बंद, गुरांस पाणी बंद. ही भीति खोटी नाहीं, व भरतपूर पाहिल्यावर ती खोटी आहे असें आम्ही कसें म्हणावें? पण हुकूम आंकडा काढीत नाहीं, मनुष्य काढतो. आणि ज्यानें कोळ्यास विचारलें नाहीं त्याचा हुकूम आंकड्यावांचूनही तसाच निघाला असता. उलट भिगवणकडील मच्छीमार आज अग्निपंख पाहावयास आलेल्या लोकांस आपल्या होडींतून नेतात व त्यावर चार पैसे मिळवितात. ही सर्व ठिकाणीं चालणारी युक्ति नव्हे. मोजणाऱ्यांनीं मात्र एक करावें. तळ्यावर रोज पहांटे जाळें टाकणारा मनुष्य त्यांच्या आधींचा साक्षीदार आहे. त्याच्याशीं दोन शब्द बोलल्याशिवाय त्यांनीं परत जाऊं नये.

आतां पहिल्या प्रश्नाकडे, कारण हंसणारे अजून बांधावर उभेच आहेत. ह्यांत कोणाचें काय हित? त्या दिवशीं त्या पांखराचें कांहीं हित होत नाहीं, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. गणतीनें भुकेल्या बदकास दाणा मिळत नाहीं. मग हें काम निरर्थक काय?

गिधाडांची हकीकत पाहा. आमच्या वडीलधाऱ्यांच्या काळीं गांवाबाहेर ढोर पडलें कीं घटकाभरांत आकाश गिधाडांनीं भरून जाई. इतकें सामान्य, आणि दिसावयास इतकें ओंगळ, पांखरूं कोण मोजणार? तरी कांहींनीं मोजलें. भरतपूर येथें विभू प्रकाश ह्या पक्षीशास्त्रज्ञांनीं १९८० नंतरच्या दशकांत गिधाडांचीं घरटीं मोजून ठेविलीं होतीं. पुढें दहा वर्षांनीं त्यांस तेथें झाडें रिकामीं पडत चाललेलीं दिसलीं. नव्वद सालानंतर देशांत ज्या रस्त्यांवरून गिधाडें मोजलीं होतीं त्याच रस्त्यांवरून २००० पासून पुन्हां मोजणी झाली. २००७ सालापर्यंत पांढऱ्या पाठीचें गिधाड १९९२ च्या मानानें हजारांत एक उरलें, आणि लांब चोंचीचीं गिधाडें शंभरांत तीनचार. कारण २००४ सालीं प्रसिद्ध झालें: गुरांस दुखण्यावर टोंचण्यांत येणारें डायक्लोफिनॅक नांवाचें औषध. तें टोंचलेलें ढोर मेल्यावर त्याचें मांस खाणाऱ्या गिधाडाचीं मूत्रपिंडें निकामी होत. २००६ सालीं सरकारनें गुरांसाठीं त्या औषधाची बंदी केली. गिधाडें त्यानें परत आलीं असें मात्र नाहीं. तीं वर्षांतून एकच अंडें घालतात, आणि उणीव भरून निघण्यास मनुष्याचें आयुष्य पुरणार नाहीं अशी स्थिति आहे. पण ओंगळ पांखरूं कोणींच मोजलें नसतें तर आपण काय म्हटलें असतें? अलीकडे गिधाडें दिसत नाहींत बुवा, कलियुग आलें, एवढेंच.

मनुष्याची आठवण ह्या कामीं फारशी उपयोगी नाहीं. म्हातारे म्हणतात, आमच्या वेळीं आकाश काळें होई. तरुण म्हणतात, म्हाताऱ्यांची संवय आहे. मुलगा लहानपणीं तळ्यावर जेवढीं पांखरें पाहतो तेवढींच त्याच्या मतें तळ्याचीं पुरीं पांखरें. त्याच्या मुलास त्याच्या निम्मीं दिसलीं तरी त्यालाही तळें भरलेलेंच वाटतें. डॅनियल पॉली ह्या मत्स्यशास्त्रज्ञानें १९९५ सालीं समुद्रांतील माशांविषयीं हेंच दाखवून दिलें, कीं प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणचें माप धरून चालते, आणि त्यामुळें एकंदर हानि कोणाच्याच डोळ्यांपुढें उभी राहत नाहीं. कोणाच्याही डोळ्यांपुढें न आलेल्या हानीबद्दल पश्चात्ताप तरी कोण करणार?

गणती केवळ रडगाण्याचें समर्थन करिते असेंही नाहीं. चिमणी नाहींशी झाली, मोबाइलच्या मनोऱ्यांनीं तिला मारिलें, असें आपण सर्व जण सांगत असतों. हजारों पक्षीनिरीक्षकांच्या याद्यांवरून भारतांतील पांखरांच्या स्थितीचा जो अहवाल २०२० सालीं निघाला, त्यांत मोठ्या शहरांतून चिमणी कमी झाली असली तरी एकंदर देशांत मागील पंचवीस वर्षांत तिची संख्या बहुतेक स्थिर आहे असें दिसून आलें. पैशाला दोन विकल्या जाणाऱ्या त्या पांखराची दखल कोणीं घेतली आहे हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. पण तिच्याविषयीं आपण खरें बोलावें हेंही तिचें आपल्याकडे देणें आहे. त्याच अहवालमालेच्या २०२३ च्या अंकांत नीलपंखाची, म्हणजे दसऱ्यास ज्याचें दर्शन शुभ मानतात त्या पांखराची, संख्या बरीच उतरल्याचें दाखविलें आहे. त्याबद्दल मात्र आमच्या कानांवर कोणाचें रडणें आलेलें नाहीं.

तेव्हां हित कोणाचें, ह्यास आमचें उत्तर असें: बहुधा मोजणाऱ्याचें नव्हे, त्या दिवशींच्या पांखराचेंही नव्हे, जे अद्याप जन्मास आले नाहींत, व ज्यांस आपण काय गमावलें हें दुसऱ्या कोणत्याही रीतीनें कळणार नाहीं, त्यांचें. आणि एवढ्यानें हंसणाऱ्याचें समाधान न झालें तर आम्ही त्याच्याशीं वाद वाढविणार नाहीं. क्रौंचांची मोजणी चांगली झाली होती, तरी क्रौंच गेले. खरी साक्ष दिली म्हणजे वांचवितां येतेंच, असें वचन कोणासही देतां येत नाहीं. जें आपणांस वांचवितां आलें नाहीं तें कधीं नव्हतेंच असें तरी आपल्या तोंडून होऊं नये, एवढें आपल्या हातीं आहे.

आमच्या मंडळ्यांपैकीं कित्येकींच्या गांवांस तळें, बंधारा किंवा पाझर तलाव आहे. ज्यांस जानेवारींतील गणतीस जातां येणार नाहीं त्यांच्यासाठीं फेब्रुवारींत चार दिवसांची दुसरी गणती असते. ती १९९८ सालीं अमेरिकेंत निघाली व आपल्या देशांत २०१३ पासून होते. तिच्यांत आपल्या परसांत निदान पंधरा मिनिटें बसून दिसतील तीं पांखरें मोजावयाचीं असतात, व ती शाळेंतील मुलांसही करतां येते. कावळा, साळुंकी, बुलबुल, टिटवी, बगळा, एवढीं ओळखतां आलीं तरी आरंभास पुरे. जें ओळखतां येत नाहीं त्याचें नांव अंदाजानें लिहूं नये. ‘ओळख पटली नाहीं’ असें लिहावें. तळ्यावर जावयाचें तर पहांटे जावें, कांठावर पांढरीं वस्त्रें घालूं नयेत, व कुत्रीं बरोबर नेऊं नयेत. आणि वहींत शिसपेन्सिलीनें लिहावें. त्या वेळीं दंव फार पडतें व शाई पसरते.